पानिपतावर गेलेल्या पूर्वजाचा माग

आपल्या कुळांतील कोणी एक पुरुष पानिपतावर गेला व परत आला नाहीं, असें सांगणारीं घराणीं महाराष्ट्रांत आजही पुष्कळ आढळतात. बहुधा ही सारी माहिती एका वाक्याची असते. त्या पुरुषाचें नांव ठाऊक असतें, क्वचित् देवघरांतील एखादी गंजलेली तरवार त्याची म्हणून दाखविली जाते, आणि वाक्य तेथेंच संपतें. तो कोणत्या पथकांत होता, त्याचें काम काय होतें, मागें घरीं कोण राहिलें आणि तीं माणसें कशीं जगलीं, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. कारण त्यांचीं उत्तरें कोठें मिळतील याची कल्पना नसते. तीं पुष्कळदां मिळतात. आमच्या घराण्यापुरता हा माग काढण्यासाठीं आम्हीं गेल्या दोन वर्षांत पुणें, पानिपत व नाशिक असा प्रवास केला. तेथें जें पाहिलें व वाचलें तें सांगण्याचा हेतु एवढाच कीं, आमच्यासारखीं कुटुंबें या मासिकाच्या वाचकवर्गांत अनेक असतील.

प्रवासास निघण्यापूर्वीं घरचे कागद पाहावे, हा पहिला नियम. आमचें मूळगांव वाई प्रांतांतलें. आमच्यापासून आठव्या पिढीचे पूर्वज पानिपतावर तरवार गाजवून पडले, असें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. त्यांच्या नातवाच्या हातची श्राद्धतिथींची एक मोडी यादी घरांत आहे. ती मात्र या कथेशीं जुळत नाहीं. पानिपतचा संग्राम झाला तो शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजीं. (त्या सालीं मकरसंक्रांत जानेवारीच्या दहा तारखेच्या सुमारासच होऊन गेली होती, संग्राम संक्रांतीच्या दिवशीं झाला हा समज आजच्या तारखेवरून पडलेला आहे.) यादींत आमच्या पूर्वजांची तिथि आहे आश्विन शुद्ध द्वादशी. शस्त्रानें मृत्यु आलेल्यांचें श्राद्ध भाद्रपद वद्य चतुर्दशीस करण्याचा प्रघात आहे. त्या चतुर्दशीपुढेंही त्यांचें नांव नाहीं. श्राद्ध तीन पिढ्यांपलीकडे चालत नाहीं, हें वाचकांस ठाऊकच आहे. परंतु चाल उरते. आश्विन शुद्ध द्वादशीस, दसऱ्याचें तोरण अजून दारावर असतां, आमच्या घरून एक शिधा आजही दिला जातो. तो कशाचा असें विचारल्यास वडील मंडळी ‘पूर्वापार आहे’ एवढेंच सांगत. पौषांत पडलेल्या पुरुषाची तिथि आश्विनांत कां, हा प्रश्न बरोबर घेऊनच आम्ही पुण्यास गेलों.

पेशवे दप्तर आज पुणें पुरालेखागार या नांवानें महाराष्ट्र शासनाच्या ताब्यांत आहे. विधानभवनाच्या परिसरांतील त्याची दगडी इमारत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खास या कागदांसाठींच बांधलेली. बाहेर मोटारींचा अखंड गोंगाट. आंत पाऊल टाकतांच जुना कागद व कापड यांचा किंचित् उग्र वास. १८१८ सालीं पेशवाई संपली आणि हें दप्तर इंग्रजांच्या हातीं आलें. पुढें इनाम कमिशननें, कोणाची जमीन खरी आणि कोणाची खालसा करण्याजोगी हें ठरविण्यासाठीं, ठिकठिकाणचे कागद त्यांत आणून भरले. ज्या चौकशीनें अनेक घराण्यांच्या इनामांवर गदा आली, तिच्यामुळेंच त्या घराण्यांचे कागद शाबूत राहिले, हा इतिहासाचा एक विचित्र न्याय म्हणावा लागेल.

येथें तीस हजारांहून अधिक रुमाल आहेत. रुमाल म्हणजे चौकोनी फडक्यांत बांधलेला कागदांचा गठ्ठा. त्यांतील निवडक पत्रें रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत ४५ भागांत छापविलीं. त्यांचा दुसरा भाग पानिपत प्रकरणाचा. त्याही आधीं १८९८ सालीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं आपल्या साधनांचा जो पहिला खंड काढला, तोही पानिपतच्याच काळाचा. परंतु या छापील ग्रंथांत सरदार व मुत्सद्दी भेटतात. लहान माणूस भेटावयाचा तर न छापलेल्या हिशेबांतच उतरावें लागतें. रोजकीर्दी, पागा-पथकांचीं खातीं, वेतनाच्या याद्या. आणि त्यासाठीं मोडी आली पाहिजे. आम्हीं ती सेवानिवृत्तीनंतर वर्गास जाऊन, विद्यार्थ्यांच्या बांकावर बसून, शिकून घेतली.

लिपि येऊं लागली तरी तारीख अडविते. त्या काळचे सरकारी कागद सुहूर सनाचे, आणि सनाचे अंकही अरबी शब्दांनीं लिहिलेले. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ हे शब्द प्रथम पाहणारा गोंधळून जातो. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया शंभर व अलफ हजार, मिळून ११६१. हा सन मृग नक्षत्राबरोबर सुरू होतो. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यांत ५९९ आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळविले कीं इसवी सन येतो. तेव्हां पौषांतील पानिपत ११६१ मधलें, आणि १७५९ चा दसरा त्याच्या मागच्या, म्हणजे ११६० च्या सनांतला. हें गणित एकदां हातीं बसलें कीं कोणता रुमाल मागावयाचा तें समजूं लागतें.

अकराव्या दिवशीं ११६० च्या सनांतील एका पथकाच्या यादींत आमच्या पूर्वजांचें नांव, बापाच्या नांवासह व गांवासह, दिसलें. ते तरवार गाजविणारे शिलेदार नव्हते. पथकाकडील कारकून होते. फौजेंत कारकुनाचें काम फार. नालबंदी, म्हणजे मोहिमेपूर्वीं शिलेदारास दिलेली आगाऊ रक्कम, कोणास किती पोंचली. रोजमुरा कोणाचा थकला. हजिरीस घोडीं किती व माणसें किती, हें सारें त्यानें लिहावयाचें. यादींत घोड्यांचें वर्णन माणसांपेक्षां अधिक. अमका अबलख, तमका कुमैत, अमुक पंचकल्याणी, प्रत्येकाची किंमत. घोडा पडला तर त्याचा मोबदला द्यावा लागे, म्हणून ही काळजी. घरीं येऊन हें सांगितलें तेव्हां तरवारीची कथा गेली म्हणून तरुण मंडळी थोडी हिरमुसलीं. आमच्या वहिनी मात्र म्हणाल्या, “भाऊजी, घोड्याचा रंगसुद्धां लिहिलाय म्हणतां. मग त्यांच्या बायकोचं कुठं कांहीं लिहिलंय का?”

प्रश्न साधा होता. पण आमच्या वंशावळीच्या तक्त्यांत आठ पिढ्यांचे पुरुष असून त्या बाईंचें नांव नव्हतें. आम्ही पुन्हां दप्तरांत गेलों. या वेळीं शोध घेतला तो लढाईनंतरच्या सालांतील नेमणुकांचा. पेशव्यांच्या राज्यांत चाकरीवर पडलेल्या माणसाच्या मागें राहिलेल्या मुलांच्या पोषणासाठीं नेमणूक चाले. तिला बालपरवेशी म्हणत. पानिपतानंतर अशा नेमणुका वाढल्या असल्यास नवल नाहीं. एका यादींत आमच्या घराण्याचें नांव मिळालें. रक्कम लहानच. नेमणूक मुलाच्या नांवें. बाप लढाईंत पडला, एवढाच मजकूर. आईचा उल्लेख येथेंही नाहीं. म्हणजे सरकारच्या दप्तरीं आमचे पूर्वज मृत ठरले होते, आणि त्या एका शब्दावर घरांत धान्य येत होतें.

यानंतर, पौष महिन्यांत, आम्ही व आमचा पुतण्या पानिपतास गेलों. कागद हातीं आल्यावर ती जमीन पाहिल्यावांचून राहवेना. दिल्लीहून आगगाडीनें उत्तरेस सुमारें ९० किलोमीटर. गांव हरयाणांतील भरभराटीचें. घोंगड्या, सतरंज्या व हातमागाचें कापड यांचा मोठा व्यापार. शहराबाहेर कांहीं मैलांवर काळा आंब नांवाची जागा आहे. तेथें पूर्वीं एक आंब्याचें झाड होतें. आतां स्मारकाचा स्तंभ व भोंवतीं राखलेली बाग. सकाळचें धुकें इतकें दाट कीं स्तंभ पन्नास पावलांवरून दिसेना. दहाच्या सुमारास धुकें उठलें आणि चहूंकडे हिरव्या गव्हाचीं शेतें दिसूं लागलीं. टेकडी नाहीं, खिंड नाहीं, घाट नाहीं. सह्याद्रीच्या कुशींत वाढलेल्या माणसास लपावयास एक दगड सांपडूं नये अशी सपाट भूमि. गनिमी काव्याचा उपयोग येथें कां झाला नाहीं, हें वर्गांत आम्हीं वर्षानुवर्षें शिकविलें. तें त्या एका सकाळीं डोळ्यांनीं पाहिलें.

१७५९ चा दसरा झाल्यावर निजामावरील मोहिमेसाठीं फौजा जमल्या होत्या. फेब्रुवारी १७६० मध्यें उदगीरची लढाई जिंकली आणि मार्चांत परतूरच्या छावणींतून सदाशिवरावभाऊ उत्तरेस निघाले. उदगीरास गेलेले पुष्कळ लोक असे घरीं न फिरकतां परस्पर यमुनेकडे गेले. ऑगस्टांत दिल्ली हातीं आली, ऑक्टोबरांत कुंजपुरा. तेथून कुरुक्षेत्राकडे जाण्याचा विचार चालला असतां अबदाली बागपताजवळ यमुना उतरून दिल्लीच्या वाटेवर येऊन उभा राहिला. मग दोन महिन्यांवर पानिपताभोंवतीं खंदक खणून मराठी छावणी बसली. तींत लढणाऱ्यांबरोबर बायका, यात्रेकरू, बुणगे असे हजारों जीव. डिसेंबरांत रसद पाठविणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, आणि अन्न तुटलें. उपाशी मरण्यापेक्षां लढून मरूं, असें म्हणून फौज बाहेर पडली. दुपारपर्यंत इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनीं व पलटणींनीं रोहिल्यांची दुर्दशा केली होती. मग विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊसाहेब गर्दींत शिरले, आणि संध्याकाळच्या आंत सर्व आटोपलें. पकडलेल्या इब्राहिमखानास पुढें हाल करून मारण्यांत आलें. हिशेबाच्या वह्या बगलेंत धरणाऱ्या कारकुनाचें त्या संध्याकाळीं काय झालें असेल, याचा विचार करीत आम्ही बराच वेळ त्या बांधावर उभे होतों.

तेथें एका वृद्ध शेतकऱ्याशीं बोलणें झालें. ते त्या बाजूच्या रोड समाजाचे. या समाजांतील अनेक जण आपणांस पानिपतच्या रणांतून मागें राहिलेल्या मराठ्यांचे वंशज म्हणवितात, आणि दरवर्षीं १४ जानेवारीस काळ्या आंब्यापाशीं मोठ्या भक्तीनें जमतात. आपल्याजवळ कागद नाहीं, पण आजोबा असें सांगत, असें ते म्हणाले. त्या दाव्याचा निर्णय करणें आमचें काम नव्हे. परंतु त्यांच्या बोलण्यानें एक गोष्ट एकदम डोळ्यांपुढें आली. रणांतून न परतलेले सर्वच मेले नव्हते. कित्येकांस सूरजमल जाटाच्या मुलुखांत आसरा मिळाला. नाना फडणीस वांचून आले. महादजी शिंदे पाय अधू होऊन आले. कित्येक कैदेंत गेले. कोणी कित्येक महिन्यांनीं दारांत उभा राहिला. अशा वेळीं वाईजवळच्या एका घरांतील बाईनें आपला पुरुष मेला असें कोणत्या दिवशीं मानावें?

मोठ्या घरींही हाच पेंच होता. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई रणांतून सुखरूप परत आल्या. १७६३ सालीं त्या वारल्या तोंवर त्यांनीं वैधव्य पत्करलें नाहीं. भाऊसाहेब म्हणून एक तोतया उभा राहिला, त्यास मानणारेही निघाले, आणि १७७६ सालीं त्यास देहान्त शिक्षा झाली तेव्हां कोठें तें प्रकरण मिटलें. पंधरा वर्षें ज्या वार्तेवर राज्यकर्त्यांच्या वाड्यांत एकमत होईना, ती वार्ता एका कारकुनाच्या घरानें लगेच खरी मानावी, ही अपेक्षाच चुकीची.

पानिपताहून परत येतांना मनाशीं ठरविलें कीं आतां नाशिकास जावयाचें. सरकारी दप्तर माणसास चाकर म्हणून ओळखतें. क्षेत्रोपाध्यांची वही त्यास मुलगा, बाप व भाऊ म्हणून ओळखते. पंचवटींत रामकुंडावर पाऊल टाकलें कीं आजही विचारतात, “मूळगांव कोणतें? आडनांव काय?” एवढें सांगतांच ज्या उपाध्यांकडे तें गांव असेल त्यांच्या घरीं आपणांस नेतात. लांबट वह्या, लाल फडक्यांत बांधलेल्या, गांवांप्रमाणें लावलेल्या. जो यजमान येईल त्यानें आपल्या हातानें आपलें, वडिलांचें, आजोबांचें, भावांचें, मुलांचें नांव लिहावें, ही रीत. आमच्या आजोबांची सही आम्हांस प्रथम दिसली. मग मागें मागें जात अक्षर मोडी झालें, शाई तपकिरी झाली.

त्या वहींत कारकुनाच्या मुलाच्या हातचे दोन लेख मिळाले. पहिला पानिपतानंतर सात-आठ वर्षांचा. अक्षर मुलाचें, अजून न वळलेलें. वडिलांचें नांव लिहिलें आहे, आणि बरोबर मातुश्री आल्याचें लिहून त्यांच्या नांवामागें ‘सौभाग्यवती’ हा शब्द आहे. दुसरा लेख त्यानंतर दहा वर्षांचा. अक्षर आतां सराईत कारकुनाचें. मातुश्री याही खेपेस बरोबर आहेत. नांवामागें ‘गंगाभागीरथी’ आहे. पुण्याच्या दप्तरीं बालपरवेशी चालू झाल्यास तेव्हां कैक वर्षें लोटलीं होतीं. जो पुरुष पुण्यास मृत म्हणून लिहिला गेला, तोच नाशिकास अनेक वर्षें जिवंत होता. कारण तें लिहिणारा मुलगा आईच्या शेजारीं बसून लिहीत होता.

आतां आश्विन शुद्ध द्वादशीचा उलगडा करण्यास वेळ लागला नाहीं. परदेशीं गेलेला माणूस परतला नाहीं व त्याची वार्ताही नाहीं, तर काय करावें, याचा विचार धर्मशास्त्रानें बारकाईनें केला आहे. काशींत १६१२ सालीं कमलाकरभट्टांनीं रचलेल्या निर्णयसिंधूंत तो सांपडतो. आपल्याकडे पुढें सर्वमान्य झालेला धर्मसिंधु त्या वेळीं अजून लिहिला गेला नव्हता, तो १७९० चा. सामान्यतः बारा वर्षें वाट पाहावी. बापासाठीं मुलानें पंधरा वर्षें. त्यानंतर पळसाच्या ३६० देठांची आकृति करून तिला अग्नि द्यावा, आणि मग उत्तरकार्य. मृत्यूचा महिना कळला व दिवस कळला नाहीं, तर त्या महिन्याची अमावास्या धरावी. दोन्ही कळले नाहींत, तर तो घरून निघाला तो महिना व ती तिथि धरावी.

आश्विन शुद्ध द्वादशी ही तिथि मरणाची नव्हे, प्रस्थानाची आहे. १७५९ चा दसरा झाल्यावर दोन दिवसांनीं तो पुरुष घरून निघाला, आणि घरानें तो दिवस धरून ठेवला. येथें एक बारीक गोष्ट लक्षांत घ्यावी. पौष शुद्ध अष्टमी ही तिथि त्या घरास माहीत नव्हती असें संभवत नाहीं. सारा महाराष्ट्र ती जाणत होता. सरकारानें बाप लढाईंत पडल्याचें मान्यच केलें होतें. तरीही उपाध्यांपुढें तिथि सांगण्याची वेळ आली तेव्हां त्या बाईंनीं पानिपतची तिथि सांगितली नाहीं, आणि मुलानेंही त्यांचा शब्द मोडला नाहीं. आपला पुरुष त्या दिवशीं पडला हें तिनें शेवटपर्यंत कबूल केलें नाहीं. पंधरा वर्षें पुरीं झालीं म्हणून शास्त्रापुढें मान लवविली. परंतु स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेला एकच दिवस तिनें सांगितला, तो म्हणजे उंबरठा ओलांडून तो गेला तो.

लहान बालपरवेशीवर तिनें मुलगा वाढविला, त्यास लिहिणें-वाचणें शिकविलें, आणि बापाच्याच पेशास लावला. आज आमच्या घराण्याच्या चार शाखा व दीडशेंवर माणसें आहेत तीं त्या एका मुलापासून. फौजेच्या याद्यांत तिला जागा नव्हती, वंशावळींत नव्हती. तिचा निर्णय मात्र आश्विनांतील त्या शिध्यांत, कोणास न कळतां, राहिला होता. तिचें नांव नाशिकच्या वहींतून आम्हीं उतरून घेतलें आहे. घरच्या देवापुढें घ्यावयाचें नांव मासिकांत छापावयास मन घेत नाहीं. आमच्या तक्त्यांत मात्र तें आतां पतीच्या नांवाशेजारीं लिहिलें गेलें आहे.

वाचकांस शेवटीं दोन-तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. घरांत जुनी श्राद्धतिथींची यादी, कुळधर्माची टिपणी, देण्याघेण्याची वही असेल, तर ती निरुपयोगी म्हणून टाकूं नये; न जुळणारी तिथि हीच पुष्कळदां सर्वांत बोलकी असते. एकत्र कुटुंबांतील एका तरी मुलास अथवा मुलीस मोडी शिकवावी. तिचे वर्ग पुण्यांत व इतरत्र चालतात, आणि वाचक कमी असल्यानें लक्षावधि कागद आजही न वाचलेले पडून आहेत. क्षेत्रीं गेल्यास उपाध्यांच्या वहींत आपल्या हातानें लेख लिहावा, आणि त्यांत केवळ पुरुषांचीं नांवें न लिहितां सुना व मुली यांचींही लिहावीं. आम्हीं या खेपेस तसें केलें. वहिनींनीं आपलें नांव स्वतःच्या हातानें लिहिलें, आणि त्या वंशांतील इतक्या पिढ्यांत स्त्रीच्या हातचा तो पहिलाच लेख, असें उपाध्ये पानें उलटून पाहून म्हणाले.

येत्या आश्विनांत द्वादशीचा शिधा नेहमींप्रमाणेंच दिला जाईल. तो कोणासाठीं आहे आणि कोणाच्या सांगण्यावरून त्या दिवशीं दिला जातो, हें आतां घरांतील लहान मुलांसही ठाऊक आहे.